रानफुलांचे मोल

गेल्या भाद्रपदात आमच्या मंडळीतील आठ-दहा तरुणांस बरोबर घेऊन आम्ही साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटाने कासच्या पठारावर गेलो होतो. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. धुके सरले तसा तेरड्याने गुलाबी झालेला माळ दृष्टीस पडला, आणि तरुण मंडळी मोबाईलवर चित्रे टिपण्यात गुंतली. त्यांच्यातला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मात्र बराच वेळ एका जागी स्तब्ध उभा होता. काही वेळाने तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, इथं आज आपण आलो म्हणून बरं. पण जिथं कोणी जातच नाही, तिथली फुलं फुकट जातात का हो?"

देवाच्या सृष्टीत फुकट काही जात नसते, असे आम्ही त्यास सांगितले. उत्तर खोटे नव्हते, परंतु ते घाईचे होते. त्या मुलाचे समाधान झाले नाही हे त्याच्या मुद्रेवरून दिसले. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. घरी आल्यावर पुष्कळ दिवस तो प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. एखाद्या वस्तूचे मोल ती मनुष्याच्या उपयोगी पडते म्हणून असते, की ती त्यास आवडते म्हणून, की ह्या दोहोंवाचूनही तिला काही मोल असू शकते? आणि तसे ते असेल, तर त्यापायी आपणांवर काही कर्तव्य येते काय? आज ह्या प्रश्नाचा विचार वाचकांबरोबर करावा अशी इच्छा आहे.

ज्या वाचकांनी ते स्थळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तळाशी काळा कातळ व त्यावर जांभा दगड अशी तेथील भूमी. माती म्हणावी तर कोठे चार बोटे, कोठे तीही नाही. वैशाखात तेथे गेल्यास पाय भाजतात, आणि येथे काही उगवत असेल यावर विश्वास बसत नाही. परंतु पावसाळा लागताच त्याच कातळाच्या भेगांतून व पाणथळ खळग्यांतून जीव वर येऊ लागतात. तेरडा, सोनकी, गेंद, आभाळी, कवळा, आमरी, वायतुरा, एकामागून एक येतात, थोडक्या आठवड्यांत आपले आयुष्य आटोपतात आणि बी किंवा कंद मातीच्या स्वाधीन करून निघून जातात. ह्या एका पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती आढळतात असे सांगतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत, कास, कोयना, चांदोली व राधानगरी.

आता प्रश्नाकडे वळू. त्याचे पहिले उत्तर व्यवहारी मनुष्य देतो. तो म्हणतो, ज्याचा उपयोग त्याचे मोल, बाकीचे तण. हे उत्तर आपण शेतकरी लोकांनी तुच्छ लेखू नये. शेतात कोळपणी करताना आपणही हाच न्याय लावतो, आणि तो न लावला तर पोटास अन्न मिळणार नाही. शिवाय रानातील कित्येक झाडाझुडपांचा उपयोग खरोखर मोठा आहे. कळलावीचा कंद विषारी खरा, परंतु तिच्या बियांपासून कोल्चिसिन नावाचे द्रव्य काढतात व ते सांधे सुजविणाऱ्या एका रोगावर औषध म्हणून देतात. कारवीच्या फुलांचा मध दाट व गडद असतो, आणि तिच्या काठ्यांचे कूड घालून त्यांवर शेणमाती लिंपलेल्या भिंतींनी घाटमाथ्यावरील गरिबांची घरे पिढ्यानपिढ्या उभी राहिली.

तथापि ह्या न्यायाने रानाचे रक्षण होते काय, हे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या जंगलात नरक्या नावाचे एक लहानसे झाड वाढते. त्याच्या लाकडास दुर्गंधी येत असल्यामुळे पूर्वी त्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पुढे त्यात कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य आहे व त्यापासून कर्करोगावरील औषधे तयार होतात असे कळून आले. औषध ही मोठी कृपाच होय. तिच्यामुळे कित्येकांचे आयुष्य वाढले. परंतु ही गोष्ट समजताच चोरटी तोड सुरू झाली, आणि जे झाड दुर्गंधीमुळे वाचले होते ते गुणामुळे जाऊ लागले. तेव्हा केवळ उपयोगाच्या तराजूत तोलू लागल्यास निरुपयोगी झाड निरुपयोगी म्हणून तुटते व उपयोगी झाड उपयोगी म्हणून तुटते. तो तराजू बाजारास योग्य असेल, परंतु त्यात "पुरे" हा शब्द नाही.

दुसरे उत्तर रसिक मनुष्याचे. तो म्हणतो, फूल सुंदर आहे, आणि सौंदर्य पाहणाऱ्याच्या नेत्रांकरिता असते. म्हणून जे पाहिले गेले ते सार्थकी लागले. आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाच्या मुळाशी हाच विचार होता. पहिल्यापेक्षा हा विचार उदात्त दिसतो, परंतु त्याच्या पोटातही एक गर्व दडलेला आहे. सह्याद्रीत शिंदळ माकुडी नावाची एक मांसल पानांची वनस्पती आहे. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या उभ्या कड्यांवर, जेथे मनुष्याचा पाय पोहोचत नाही अशा कपारीत ती राहते व चांदणीच्या आकाराची तांबडी-पिवळी फुले धारण करते. डाल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात तिचे वर्णन केले आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला नाव दिले. गव्हर्नरसाहेबांचे नाव मिळाले त्या दिवशी तिला मोल आले, असे कोण म्हणेल? त्याच्या आधी किती शतके ती त्या कड्यावर फुलत होती!

शास्त्रज्ञ सांगतात की पृथ्वीवर फुले येऊ लागून दहा कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या मानाने मनुष्य काल आला. आणखी नवल असे की, पुष्कळ फुलांच्या पाकळ्यांवर ज्या खुणा असतात त्या मधमाशीस दिसतात, आपणांस दिसत नाहीत. कारण ते किरण ग्रहण करण्याची शक्ती मनुष्याच्या डोळ्यांत नाही. म्हणजे फुलापुढे उभे राहून "हे माझ्यासाठी नटले आहे" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या नटण्याचा काही भाग आपणांस दिसतही नसतो. आपण त्या घरचे पाहुणे आहोत. पाहुण्याने आनंद मानावा. घर आपल्यासाठी बांधले असे मानू नये.

पाहण्याच्या आवडीचे रूपांतर घेण्याच्या इच्छेत कसे होते, हे आम्ही स्वतःच्या अपराधावरून जाणतो. सेमिनरीत शिकत असताना एका सुटीत घाटावर आम्हांस कंदीलपुष्प आढळले. त्याचे फूल लहानशा कंदिलासारखे असते. आत शिरलेल्या चिलटास खाली वळलेले केस परत फिरू देत नाहीत, आणि पुढे ते केस सुकले म्हणजे परागकण अंगावर घेऊन चिलट सुटते. ही योजना पाहून आम्ही इतके मोहित झालो की कंदासकट ते रोप उपटून आणले व वसतिगृहाच्या अंगणात कुंडीत लावले. त्यास खत घातले, नित्य पाणी घातले. पंधरा दिवसांत कंद कुजला. ज्या उतारावर पाणी थांबत नाही तो उतार, ती भुकी माती, ती चिलटे, हे सर्व मिळून ते फूल होते. आम्ही उचलून आणला तो त्याचा एक तुकडा. गुराख्यांची मुले भूक लागली म्हणून तसले कंद उकरून खातात. त्यांस भुकेचे निमित्त तरी असते. आम्हांस तेही नव्हते.

आता तिसरे उत्तर. कातळावर पाणी झिरपते तेथे सीतेची आसवे ह्या नावाची निळसर-जांभळी इवली फुले हजारोंनी येतात. नाव कोमल, पण वनस्पती मोठी धीराची. त्या पाण्यात पोषण नाही, म्हणून तिने मुळाजवळ सूक्ष्म पिशव्या बाळगल्या आहेत. एखादा सूक्ष्म जीव जवळ येताच डोळ्याचे पाते लवण्याआधी पिशवी उघडते व तो आत ओढला जातो. तिच्याजवळच दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंब धारण करून कीटकांची वाट पाहत असते. ही सारी धडपड कशासाठी? जगण्यासाठी, फुलण्यासाठी, बी धरण्यासाठी. त्या वनस्पतीस स्वतःचे असे एक कार्य आहे, आणि ते आमच्या स्तुतीवर अवलंबून नाही. ज्यास स्वतःचे कार्य आहे त्यास स्वतःचे मोल आहे, असे आम्हांस वाटते. आणि आम्हां ख्रिस्ती जनांस हे नवे वाटू नये. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वनस्पती चांगल्या आहेत असे देवाने पाहिले, तेव्हा मनुष्य अजून निर्माण व्हावयाचा होता. ईयोबाशी बोलताना देव त्यास अशा ओसाड रानाची आठवण देतो की जेथे मनुष्यवस्ती नाही, आणि तरी तेथे पाऊस पडून कोवळे गवत उगवते. मनुष्याचा संबंध नसलेल्या ठिकाणीही देवाची काळजी पोहोचते, हे तेथे स्पष्ट आहे.

येथे आमचा लेख संपला असता तर तो लिहिणे सोपे होते. परंतु ह्या उत्तरापाठोपाठ एक अवघड प्रश्न येतो, आणि तो आम्हांस पुस्तकाने नव्हे तर एका म्हातारीने शिकविला.

काही वर्षांपूर्वी आम्ही घाटमाथ्यावरील एका लहान मंडळीत पाळक होतो. तेथे एक विधवा आजी राहत असे. तिच्या मालकीचा दगडधोंड्यांचा एक उतार होता व त्यावर कारवीचे रान होते. ही कारवी म्हणजे विलक्षण झुडूप. सात वर्षे ती केवळ वाढते आणि आठव्या पावसाळ्यात एका प्रदेशातील सर्व झुडपे एकदम फुलतात. मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ साली व त्यानंतर २०२४ साली अशी फुलली. एकदा फुलली की ती वाळून जाते, आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी तिची बोंडे तडतडून बी उधळतात. म्हणजे आठ वर्षांच्या आयुष्यात बी धरण्याची संधी एकच. ती हुकली तर त्या झुडपाचा वंश तेथेच राहिला.

त्या वर्षी चैत्रात आजीच्या गोठ्याचा कूड पडला. उतारावर हातभर लांबीच्या नव्हे, पुरुषभर उंचीच्या काठ्या उभ्या होत्या, आणि त्या तिच्याच होत्या. आम्ही म्हटले, "आजी, चार भारे तोडून आणा म्हणजे काम होईल." ती म्हणाली, "यंदा ती फुलायची हाय, बाबा. आता तोडली तर बी कुठनं पडंल? फुलून वाळली की मग लागतील तेवढ्या काठ्या नेईन." गोठ्यास तिने गोणपाट बांधले, आणि पाऊस लागल्यावर दोन्ही शेळ्या घरात घेऊन त्यांच्या शेजारी ती निजू लागली.

आम्हांस ही गोष्ट इतकी आवडली की पुढच्या रविवारी उपदेशात आम्ही ती सांगितली. निःस्वार्थतेचा तो उत्तम दाखला होता, आणि लोकांनी तो शांतपणे ऐकला. उपासना संपल्यावर मंडळीतील एक वृद्ध पंच दाराशी थांबून आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, उपदेश झाक झाला. पण तिच्या पत्र्याचं काय?"

वाचकहो, त्या क्षणी आम्हांस आलेली लाज आम्ही अजून विसरलो नाही. कारवीचे मोल आम्ही ओळखले होते, त्यावर अर्धा तास बोललोही होतो. परंतु ते मोल चुकते करीत होती ती एक म्हातारी, शेळ्यांच्या वासात व गळक्या छपराखाली. आमच्या पदरचे त्यात काही गेले नव्हते. त्याच आठवड्यात वर्गणी झाली व गोठ्यास पत्रे लागले. त्यात आमचे श्रेय काही नाही. ते त्या पंचांचे. भाद्रपदात तो सबंध उतार निळ्या-जांभळ्या फुलांनी भरला आणि मधमाश्यांचा आवाज वाटेपर्यंत ऐकू येऊ लागला. ते पाहून आजी एवढेच म्हणाली, "आता ह्यापुढची मी बघंन का नाही, कोण जाणे."

तिचे ते न पाहणे हाच आमच्या प्रश्नाचा गाभा आहे. तिला फुलांचा उपयोग नव्हता, पुढचा फुलोरा पाहण्याची खात्रीही नव्हती. तरी त्यास मोल आहे असे तिने मानले व त्यासाठी झळ सोसली. परंतु एकाने झळ सोसावी व इतरांनी तिचे गुण गावेत, हा न्याय नव्हे. रानफुलास स्वतःचे मोल आहे असे जो म्हणतो, त्याने ते मोल देण्यात आपलाही वाटा उचलला पाहिजे. नाहीतर हा सगळा विचार गरिबाच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवून मोकळा होतो.

हेच कासच्या पठारासही लागू पडते. तेथील कीर्ती पसरली तशी माणसांची रीघ लागली. फुलांत बसून, लोळून चित्रे काढणारे आले, आणि पायांखाली किती कंद व रोपे चिरडली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हणून दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घालण्यात आली व प्रवेशास शुल्क ठेवण्यात आले. काही भागास जाळीचे कुंपणही घातले गेले, आणि त्यावर मोठा वाद झाला. गुरे चरत होती तोवर उंच गवत ताब्यात राहत असे व लहान फुलांस ऊन मिळे. गुरे बंद झाल्यावर गवत माजले, असे गावकऱ्यांचे व काही अभ्यासकांचे म्हणणे पडले. म्हणजे ज्या गुराख्यास फुलांचा शत्रू समजून बाहेर काढले, तो कदाचित त्यांचा सोबती होता. पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्यांस न विचारता केलेला उपकार कसा उलटू शकतो, याचा हा धडा आहे. शुल्काच्या पैशांतून आसपासच्या गावांतील तरुणांस राखणीचे व वाट दाखविण्याचे काम मिळते, हे मात्र योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. कारण पाहणाऱ्याने येथे राखणाऱ्याचा वाटा दिला.

आपल्या खेड्यांतील वाचकांस आम्ही आणखी एका गोष्टीची विनंती करतो. फाल्गुन-चैत्रात डोंगरास वणवा लावण्याची चाल पुष्कळ गावांत आहे. राख झाली म्हणजे गवत चांगले येते, अशी समजूत. वणव्यात किती कोवळी झुडपे, किती पडलेले बी, पक्ष्यांची किती अंडी व किती मुके जीव जळतात, याचा विचार काडी ओढणारा करीत नाही. गरजेपुरती काठी तोडणारा हात आणि संबंध डोंगर पेटविणारा हात एका मापाने मोजू नये. पहिल्यास आपण मदत करावी. दुसरा आपण धरून ठेवावा. आणि वणवा लावणारा गुरांच्या चाऱ्यासाठी खरोखर अडलेला असेल, तर नुसते रागावून भागणार नाही. त्यास पेंडीभर वैरण कोण देणार, हेही मंडळीने बसून ठरवावे. वृद्ध पंचांचा प्रश्न येथेही उभा आहेच.

त्या मुलास आम्ही पुन्हा भेटलो तेव्हा आमचे पहिले उत्तर मागे घेतले. आम्ही त्यास सांगितले, "जिथं कोणी जात नाही तिथली फुलं फुकट जात नाहीत, ती आपलं काम करून जातात. आपण पाहिली, हा फायदा आपला झाला." तो थोडा विचार करून म्हणाला, "मग आपण त्याबद्दल काय द्यायचं?" ह्या वेळी आम्ही घाईने उत्तर दिले नाही. घाटमाथ्यावरील त्या आजीची गोष्ट त्यास सांगितली, आणि येत्या फाल्गुनात गावच्या डोंगराभोवती जाळरेषा काढण्यास तरुणांनी चार दिवस द्यावेत असे दोघांनी मिळून ठरविले. ज्या वाचकांच्या गावाशेजारी डोंगर आहे त्यांनीही तसे ठरवावे, अशी आमची नम्र सूचना आहे.